खळ्यावर पांढरी वाळू

समुद्र खवळला होता आणि पुरुष घरी होते. दोन्हींतलं मोठं संकट कुठलं, हे थोरलीला सांगता आलं नसतं.

अकरा दिवस धक्क्यावरचं लाल निशाण उतरायचं नाव घेत नव्हतं. वारा असा, की दोरीवर घातलेलं धुणं शेजारणीच्या दारातून वेचून आणावं लागायचं. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. जाळी सुकून कडक झालेली. मासळीच नाही तर सुकवायचं काय? थोरलीच्या टोपल्या उपड्या पडून होत्या. पण टोपल्या बिचाऱ्या गप्प असतात. घरातले दोन पुरुष गप्प नव्हते.

एक तिचा नवरा. सगळी वस्ती त्याला नाखवा म्हणायची. भर समुद्रात पाच माणसांना एका हाकेत हलवणारा हा माणूस, पण घरात त्याला चहाची गाळणी सापडत नव्हती. "अगं, गाळणी!" म्हणून तो अशी आरोळी ठोकायचा, की कोपऱ्यात बसून जाळं विणणाऱ्या सासूबाईंच्या हातातली सुई चुकायची.

दुसरा तिचा धाकटा दीर. त्याला सगळे वकील म्हणत. एकदा कुठल्याशा खटल्यात त्याला साक्षीला बोलावलं होतं. त्याची पाळी येण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली, पण दोन दिवस तो कोर्टात बसून आला होता. तेव्हापासून तो "मुद्दा असा आहे" म्हटल्याशिवाय जेवायलासुद्धा बसत नसे.

अशा रिकाम्या दिवसांत धक्क्यावरच्या फळ्यावर कागद लागला. येत्या शुक्रवारी किनाऱ्याची पाहणी होणार, रहिवाशांनी सहकार्य करावे.

"मुद्दा असा आहे, वहिनी," वकील उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "साहेब येणार म्हणजे बघणार काय? घाण बघणार. मागे ते आरोग्यवाले आले होते, आठवतं ना? नाकाला रुमाल लावून सगळ्यांदेखत काय काय बोलले! 'माणसं राहतात का इथे?' म्हणाले. या वेळी तसं व्हायला नको."

त्या बोलण्याचा काटा थोरलीच्याही मनात होता. सुकत घातलेल्या मासळीसमोर ती हात पुसत उभी होती आणि तो माणूस तिच्याकडे न बघता तिची टोपली ओलांडून गेला होता. म्हणून तिनेही मान डोलावली. पुढे तिला त्याचं फार वाईट वाटलं.

तीन दिवस वस्ती राबली. मोठ्या होड्या ओंडक्यांवरून ढकलत मागच्या खाडीत नेल्या. नाखव्याच्या खांद्याची साल निघाली. मासळी टांगायचे बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या, जाळ्यांचे ढीग घरात आणून टाकले. रात्री सासूबाई जाळ्यावरच झोपल्या आणि सकाळी त्यांच्या गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. शाळेतून फिनेलचे दोन डबे मागून आणले आणि वकिलाने ते स्वतःच्या हाताने शिंपडले. आयुष्यभर मासळीच्या वासात वाढलेली मांजरं त्या वासाने जी पळाली, ती दोन दिवस फिरकली नाहीत.

आणि मग वकील खळ्याशी येऊन थांबला.

खळं म्हणजे मासळी सुकवायची चोपलेली जमीन. त्यांच्या घरासमोरून शेवटच्या घरापर्यंत ती पसरलेली. दरवर्षी हंगामाआधी बायका खाडीची चिकण माती आणायच्या, तीत शिंपल्यांचा चुरा आणि चुना कालवायच्या आणि ओळीने बसून लाकडी चोपण्याने चोपायच्या. हात सुजेपर्यंत. त्यावर मासळी टाकली की तिला वाळूचा कण लागत नसे. थोरलीचा रोजचा नेम होता: पहाटे खळ्यावर पाऊल टाकण्याआधी ती वाकून जमिनीला हात लावायची, तो कपाळाला लावायची आणि चपला काठावर काढून मगच आत जायची. आजवर त्यात खंड पडला नव्हता. बाळंतपणात तिने खिडकीतून हात जोडले होते.

"हे काळपट दिसतंय," वकील म्हणाला. "तेलकट. डाग पडलेत."

"मासळीचे डाग आहेत ते, भाऊजी."

"तेच म्हणतोय मी. यावर पांढरी वाळू टाकू."

"खळ्यावर वाळू?" थोरली एवढंच म्हणाली. तिच्या जावेने, म्हणजे वकिलाच्या बायकोने, तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. पण वकील तोवर टोपल्या मोजायला लागला होता. टेकाडामागची पांढरी वाळू बायकांनीच डोक्यावरून वाहिली. थोरलीने पहिली टोपली ओतली तेव्हा मनातल्या मनात खळ्याची क्षमा मागितली. संध्याकाळी किनारा असा दिसत होता, की त्यावर कधी कुणी जन्मलंच नसावं.

"कसं?" वकील कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"कुणीतरी मेल्यावर घर आवरतात ना, तसं," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी साहेब आले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. हातात पाटी, पाटीला कागद. बरोबर खांद्यावर मोजणीच्या खुंट्यांची पिशवी आणि हातात मोगरी घेतलेला शिपाई. साहेब बूट घालून सरळ खळ्यावर चढले. वाळूखाली खळं आहे हे त्यांना कसं कळणार? थोरलीने जीभ चावली.

साहेबांनी चारही दिशांना पाहिलं. नाक वर करून वास घेतला. "फिनेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

"रोज टाकतो, साहेब," वकील म्हणाला.

साहेबांनी तेही लिहिलं. "इथे कुणी काम करत नाही?"

"छे, छे! इथे कुणाला येऊच देत नाही आम्ही."

शिपाई खुंट्या ठोकत होता. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरीच्या वेळी मोगरी उसळली आणि त्याच्या अंगठ्यावर बसली. एका पायावर नाचत त्याने जे शब्द उच्चारले, ते ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पण पदराआड त्या हसत होत्या.

"साहेब, खडक आहे खाली!" तो कळवळून ओरडला. साहेबांनी लिहिलं.

जाताना साहेबांनी वकिलाशी हस्तांदोलन केलं. त्या हाताने वकील दुपारी जेवला नाही, चमच्याने जेवला.

सोमवारी फळ्यावर अहवाल लागला. वकिलाने सगळ्यांना बोलावलं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'किनारा अत्यंत स्वच्छ.' ऐकलंत? अत्यंत! 'दुर्गंधी नाही. जमीन खडकाळ, खुंट्या ठोकता येत नाहीत. होड्या, जाळी, सुकवणीची साधने: आढळली नाहीत. पाहणीच्या वेळी जागेवर चालू असलेले काम: नाही. मच्छीमारांकडून वापर...'"

वकील थांबला.

"पुढे वाच की," नाखवा म्हणाला.

"'मच्छीमारांकडून वापर: आढळला नाही. सबब जागा मोकळी समजून फिरण्याचा रस्ता, बाकडी व कारंजे यांसाठी घेण्यास हरकत नाही.'"

वाऱ्याने फळ्यावरचा कागद फडफडला.

"कारंजं?" सासूबाई म्हणाल्या. "समुद्रासमोर?"

वकील तालुक्याला जाऊन आला तो कपाळाला हात लावूनच. तिथल्या खऱ्या वकिलाने त्याला देशाच्या नव्या घटनेतलं कलम काढून दाखवलं होतं. त्याने ते लिहून आणलं होतं आणि या वेळी 'मुद्दा असा आहे' न म्हणता वाचलं: "'ज्या किनाऱ्याचा मच्छीमार कुटुंबे पिढ्यानपिढ्या वापर करीत आली आहेत, तो किनारा, त्यावरील वाळू व समोरील पाणी त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.' पाहणी त्यासाठीच होती, वहिनी. आपला वापर लिहून घ्यायला आला होता तो माणूस. आपला हक्क पक्का करायला. आणि मी..."

"आणि तू म्हणालास, इथे कुणाला येऊच देत नाही," नाखवा म्हणाला.

"फिनेल रोज टाकतो म्हणालात," जावेने भर घातली.

थोरलीला ते कलम पुन्हा ऐकायचं होतं. तिने ते दोनदा वाचून घेतलं. एवढ्या मोठ्या पुस्तकात, जिथे राज्यकारभाराच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, तिथे कुणीतरी तिच्या वाळूचं नाव घेतलं होतं. आणि त्याच वाळूने तिने स्वतःच्या हाताने आपलं खळं पुरलं होतं. खळं गेलं तर मासळी कुठे टाकायची? बाकड्यांवर? नवरा मासळी आणतो, पण ओली मासळी दिवसभराची सोबतीण. वर्षभर घर चालतं ते सुक्या मासळीवर, आणि सुकी मासळी म्हणजे खळं.

वस्तीने हरकत घेतली आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहणी ठरली. पण या वेळच्या नोटिशीत साहेबांनी एक ओळ वाढवली होती: आयत्या वेळी आणून ठेवता येतील अशा वस्तू पुरावा म्हणून धरल्या जाणार नाहीत.

"आपण वाळू काढू या. खळं उघडं करू या," थोरली म्हणाली.

"मातीला काय पुरावा म्हणतात, वहिनी? काम दिसलं पाहिजे. चालू काम!" वकिलाच्या अंगात पुन्हा वारं शिरलं होतं.

वस्ती परत राबली. होड्या त्याच ओंडक्यांवरून परत आल्या आणि नाखव्याचा दुसरा खांदाही सोलून निघाला. बांबू रोवायला घेतले, तर जुनी भोकं वाळूखाली गडप झालेली. काही सापडली, काही सापडली नाहीत, तिथे बांबू दगडी जात्यात उभे करून बांधले. लोकांनी घरात असेल-नसेल ते किनाऱ्यावर मांडलं. कुणी शिलाईमशीन आणलं. जावेने पाळणा आणला.

"पाळणा कशाला?" थोरलीने विचारलं.

"'पिढ्यानपिढ्या' लिहिलंय ना त्यात," जाऊ म्हणाली.

फक्त मासळी नव्हती. लाल निशाण अजून फडकतच होतं. पाहणीच्या सकाळी थोरली बाहेर आली तर दोऱ्यांवर सुकी मासळी ओळीने लटकत होती. एकसारखी, एका लांबीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी.

"भाऊजी, ही कुठली?"

"शहरातल्या दुकानातली. एक शब्द बोलू नका, वहिनी."

खळ्याच्या काठाशी ती आली, सवयीने वाकली, हात वाळूला लागला, पण तो कपाळापर्यंत उचलेना. इथे उभं राहून खोटं बोलायचं?

साहेब आले. होड्या, जाळी, मशीन, पाळणा या सगळ्यांकडे त्यांनी शांतपणे पाहिलं. दोरीशी थांबले. एक मासा हातात घेऊन उलटा केला.

"ही तुम्ही सुकवलीत?"

"आजच, साहेब. म्हणजे परवा. म्हणजे सुकतच आहे," वकील म्हणाला.

साहेबांनी माशाच्या पोटावरची किमतीची चिठ्ठी नखाने सोडवली आणि पाटीच्या कोपऱ्यावर चिकटवली. वकिलाच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढत गेला. नाखवा समुद्राकडे बघायला लागला. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"म्हणजे मागच्या वेळी जे दिसलं ते खरं होतं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"नव्हतं, साहेब," थोरली म्हणाली.

तिचा आवाज मुळात हळू. साहेबांना ऐकायला वाकावं लागलं.

"मागच्या वेळचंही खोटं होतं आणि आजचंही खोटं आहे. मागच्या वेळी तुम्ही आम्हाला ओरडाल म्हणून लपवलं. आज तुम्ही लिहिणार नाही म्हणून मांडलं. मासळी विकतची आहे. पाळणा माझ्या जावेचा आहे, त्यातलं पोर आता मिशा ठेवतंय. हे सगळं सोडा. तुम्ही मागच्या वेळी एक ओळ खरी लिहिलीत. ती वाचा."

"कुठली?"

"खुंट्यांची."

साहेबांनी पान मागे उलटलं. "'जमीन खडकाळ, खुंट्या ठोकता येत नाहीत.'"

"या किनाऱ्यावर खडक कुठे आहे, साहेब? डोकं फोडून घ्यायचं म्हटलं तरी दगड मिळणार नाही. जातंसुद्धा माहेराहून आणलंय."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने अंगठा मुठीत लपवला.

थोरलीने चपला काढल्या आणि डोळे मिटले. पंचवीस वर्षं पहाटेच्या अंधारात ती ज्या काठावर थांबत आली, तो काठ बघायला तिला डोळे लागत नव्हते. वर चार बोटं वाळू होती खरी, पण तळव्यांना खालचं कळत होतं. ती चालत गेली, थांबली. "इथे ठोका. जाईल."

शिपायाने लांबूनच मोगरी घातली. खुंटी लोण्यात जावी तशी गेली.

ती एक पाऊल पुढे आली. "इथे ठोका. जाणार नाही."

खुंटी टणकन उडाली आणि पाळण्यात जाऊन पडली.

"परत," साहेब म्हणाले.

ती चालत राहिली आणि मागे शिपाई. इथे जाईल. इथे जाणार नाही. इथे जाईल. नवव्या खुंटीला बायका तिच्याबरोबर मोठ्याने म्हणायला लागल्या. शिपाईसुद्धा आधीच ओळखायला लागला आणि बरोबर आलं की मान डोलवायला लागला. खाडीच्या तोंडाशी एका ठिकाणी ती म्हणाली, "जाणार नाही," आणि खुंटी गेली.

सगळे थबकले.

"तो कोपरा मागच्या उधाणात उखडला, थोरले," सासूबाई ओरडल्या. "यंदा चोपायचा राहिलाय!"

"हो की," थोरली म्हणाली. "जाईल, साहेब. चुकलं माझं."

साहेबांनी ते लिहिलं की नाही कोण जाणे, पण पहिल्यांदाच त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. घरांसमोरून शेवटपर्यंत खुंट्यांची एक रेघ उभी राहिली होती. त्या उखडलेल्या कोपऱ्याशी ते उकिडवे बसले आणि हाताने वाळू बाजूला करायला लागले. खाली काळपट, तेलकट खळं लागलं. तुटलेल्या कडेला मातीचे थर एकावर एक दिसत होते, प्रत्येकात शिंपल्यांची पांढरी रेघ.

"हे काय?"

"दर वर्षाचा एक," थोरली म्हणाली. "हंगामाआधी चोपतो तो."

साहेब पेनाच्या टोकाने मोजायला लागले. दहा. वीस. पस्तिसाला पेन अडखळलं, रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या.

"तिथून खाली माझ्या सासूचे," जवळ येऊन सासूबाई म्हणाल्या. "जरा हळू, साहेब. फार रागीट होती ती."

साहेबांनी पेन मागे घेतलं. मग ते उभे राहिले, आपल्या बुटांकडे पाहिलं, खालच्या उघड्या खळ्याकडे पाहिलं, काठावर काढून ठेवलेल्या थोरलीच्या चपलांकडे पाहिलं. त्यांनी बुटांचे बंद सोडले आणि बूट तिच्या चपलांशेजारी ठेवले.

उजव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर आला होता.

कुणी हसलं नाही. सगळी वस्ती एकदम आभाळात काहीतरी शोधायला लागली. साहेबांनी पाय पायावर घेतला, पण उशीर झाला होता.

"काढा तो," सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या, आजी."

"काढा म्हणते ना! एवढं मोठं भोक जाळ्याला पडलं असतं तर नाखव्याने घर डोक्यावर घेतलं असतं." त्यांनी कनवटीची जाळं विणायची सुई काढली, खळ्यावर मांडी घातली आणि हात पुढे केला. पुढे झालेला तो हात मागे जात नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही एका क्षणात कळलं. त्यांनी मोजा दिला.

तेवढ्यात वकील पुढे आला. मान खाली. त्याच्या हातात साहेबांची पाटी होती, ती वाळूत राहिली होती. कोपऱ्यावर अजून ती किमतीची चिठ्ठी होती. "साहेब, एक शेवटची ओळ राहिलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा आणि लिहा."

साहेबांनी पाटी घेतली. 'वापर'च्या पुढचं 'आढळला नाही' त्यांनी खोडलं आणि 'पिढ्यानपिढ्या, खुंटीनिहाय नोंद सोबत' असं लिहिलं. थोरलीने वाकून खळ्याला हात लावला. या वेळी तो कपाळापर्यंत सहज गेला.

खाली एक रकाना उरला होता: पाहणीच्या वेळी जागेवर चालू असलेले काम. साहेबांनी होड्यांकडे पाहिलं, त्या कुणी हलवत नव्हतं. मशीनकडे पाहिलं, त्यात दोराच नव्हता. दोरीवरच्या मासळीकडे पाहायचं त्यांनी टाळलं. मग त्यांची नजर खाली आली. सासूबाई जीभ ओठांत धरून, काळ्या जाड दोऱ्याने, माशाला काय पण पाण्यालासुद्धा निसटता येणार नाही अशा गाठी मारत होत्या.

एक पाय खळ्यावर, दुसरा गार लागतो म्हणून वर उचललेला, अशा अवस्थेत साहेबांनी नीट अक्षरात लिहिलं: 'जाळ्याच्या सुईने दुरुस्ती चालू होती.'

"आता दुसरा काढा," सासूबाई म्हणाल्या.

"तो चांगला आहे, आजी."

"तुम्ही तर मागच्या वेळी आमचं खळंही खडक आहे म्हणाला होतात. काढा."

साहेबांनी पाटी शिपायाकडे दिली आणि दुसरा मोजा काढायला लागले.